चार्ज कुणाकडे

आईच्या नोटिशीची मुदत शनिवारी संपली. संध्याकाळी तिनं शेवटचं पातेलं उपडं घातलं, ओटा पुसला, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि ती बाहेर आली. रविवारचा सकाळचा चहा बाबांनी केला. चहा चांगला होईल याबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण बाबांचा सगळा जन्म कारखान्याच्या कँटीनमध्ये गेला होता आणि त्यातली बरीच वर्षं तिथले मुख्य आचारी म्हणून. फक्त साखर कुठल्या डब्यात आहे हे विचारायला ते दोनदा मागच्या अंगणात आले. दोन्ही वेळा आई म्हणाली, "माहीत नाही."

तिला अर्थातच माहीत होतं. साखर दुधाच्या पावडरीच्या डब्यात होती, दुसऱ्या फळीवर, चहाच्या मागे. चहा बिस्किटांच्या डब्यात होता. बाबा आत गेल्यावर सगळी झाकणं एकामागून एक उघडल्याचे आवाज ऐकताना आईनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले, तेव्हा आईनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मग मीही सोडते." बहुतेक सगळे हसले. सगळ्यात जास्त भाऊ, म्हणजे तिचा मुलगा. आई हसली नाही. एका महिन्याची नोटीस देते, म्हणाली. नोटीस म्हटल्यावर बाबांचं हसू थांबलं. माणसाचा कंटाळा, माणसाचा राग, या गोष्टी त्यांना नीट कळत नसत, पण नोटीस कळत होती. कारण विचारल्यावर आईनं "कंटाळा आला" एवढंच सांगितलं. ताईचं, म्हणजे मुलीचं, औषधांचं दुकान आहे. तिनं आईच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं उत्तम निघालं आणि ताई जराशी हिरमुसली.

आज नेमकं उन्हाळ्याचं जेवण होतं. कारखाना दर उन्हाळ्यात देखभालीसाठी बंद असायचा आणि त्या दिवसांत एकदा घरचे आणि जवळचे दोघं-तिघं मागच्या अंगणात जेवायला बसायचे. आईच्या या जेवणाचं नाव होतं, आणि त्यात खरं तर विशेष काही नसायचं. सकाळी गार असतानाच काय उकडायचं ते उकडून घ्यायचं, मग दिवसभर गॅसला हात लावायचा नाही. बटाटे, चणे, अंडी. बाकी सगळं चिरायचं, कालवायचं आणि गार करायचं. लोक बोटं चाटत जेवायचे आणि "काही म्हणा, यात कष्ट काहीच नाहीत" असं आईला सांगून घरी जायचे.

बाबांना बटाट्यांची भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. कँटीनमध्ये ते कढईवरची नजर न काढता नुसता हात मागे करून "मीठ" म्हणायचे आणि मीठ हातात यायचं. ते कुठून येतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मीठ भांडाराच्या खिडकीतून यायचं आणि खिडकीमागे एक माणूस असायचा. त्या माणसाला या घरातली मुलं लहानपणापासून स्टोअरकाका म्हणत. तोही बाबांच्या मागोमाग निवृत्त झाला होता आणि घरी बसून फार कंटाळला होता. बाबांनी त्याला फोन केला.

स्टोअरकाका स्वतःचा अॅप्रन घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली, एक डबा उघडला, वास घेतला, दुसरा उघडला.

"मास्टर, कॉफीच्या बरणीत मीठ आहे," ते म्हणाले.

"असेल."

"आणि मिठाच्या बरणीत सोडा."

"तिला माहीत असतं."

"वहिनी निवृत्त झाल्या ना?"

"झाली."

"मग हे असं चालायचं नाही," स्टोअरकाका म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

उन्हं अंगणात उतरायच्या आत स्वयंपाकघरातली एकही वस्तू जागेवर राहिली नव्हती. जड ते खाली गेलं, हलकं ते वर. जुनं पुढे आलं, नवं मागे. प्रत्येक डब्यात तेच आलं ज्याचं नाव डब्यावर होतं, आणि ज्या डब्यांवर भलतीच नावं छापलेली होती ते माळ्यावर गेले. बाबा ओट्यापाशी उभे राहून काकड्या सोलत होते. त्यांनी हात मागे केला, "मीठ" म्हणाले आणि हातात मीठ आलं. त्यांना फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण कामाचे आहोत असं त्यांना वाटत होतं.

ताई आली ती अकराच्या सुमाराला, कलिंगड काखोटीला मारून. कलिंगड ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि तशीच परत आली.

"आई, तू आत गेली होतीस का?"

"नाही."

"तुझं स्वयंपाकघर..."

"माझं नाही."

"अगं पण त्यांनी सगळं—"

"मला सांगू नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी ताई थांबली. आईनं मांडीवरचा पुदिना बाजूला ठेवला. जुडी तिच्या मांडीवर कुणीतरी निवडायला म्हणून सहज ठेवून गेलं होतं, आणि एक तास तिनं जुडीकडे नुसतं बघत काढला होता. "पुदिना आत ने. आणि कुठे ठेवू विचारू नकोस."

ताईनं भावाला बाहेरच्या नळाशी गाठलं. भाऊ दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवसभर परक्या माणसांच्या दाढा घासून घासून त्याचा स्वभाव फार शांत झाला आहे आणि त्याची बायको म्हणते की त्या शांतपणाचा काही उपयोग नाही.

"तुला कळतंय का इथे काय चाललंय?" ताई म्हणाली.

"बाबा स्वयंपाक करतायत."

"आज करतायत. आठवडाभर करतील. मग त्यांची हौस फिटेल आणि मग?"

भाऊनं विचार केला. "बाई ठेवू."

"बाईवर लक्ष कोण ठेवणार?"

"आई," भाऊ म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून त्यालाच जरा वाईट वाटलं.

"तेच म्हणतेय मी. आईनं हाताला चटके घ्यावेत असं कोण म्हणतंय? तिनं नुसतं बघायचं. काय आणायचं, काय संपलंय, एवढंच. यात कसले कष्ट? जेवताना मी विषय काढते, तू मान डोलाव."

मान डोलावणं भाऊला जमण्यासारखं होतं. ताईला आईचं वाईट चिंतायचं नव्हतं. तिला भीती वाटत होती. दुकानात ती रोज अशी माणसं बघायची, ज्यांनी काम सोडलं आणि वर्षाच्या आत गोळ्यांची पिशवी धरून रांगेत आली. आईनं खुर्चीत नुसतं बसणं तिला बघवत नव्हतं.

आता सूनबाईचं. ती इस्पितळात एक्स-रे काढते. नोटिशीच्या दिवशी न हसलेली दुसरी व्यक्ती तीच. आईच्या बाजूनं ती पहिल्यापासून उभी होती, नवऱ्याशी आणि नणंदेशी भांडून, अगदी मनापासून. ही निष्ठा आज सकाळपर्यंत टिकली. सकाळी ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा स्टोअरकाका स्टुलावर उभे होते.

"बरं झालं आलात. जरा हात वर करा बघू," ते म्हणाले.

तिनं केला. एक्स-रेसाठी लोकांना हात वर करायला ती रोज सांगते, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"अजून. टाचा न उचलता. हं, इथवर पोचतो. मग पिठाचा डबा इथे."

"माझ्या हाताचा काय संबंध?"

"पुढे तुम्हालाच लागणार ना," स्टोअरकाका म्हणाले. त्यांचा हेतू खरोखर चांगला होता.

पाणी न पिताच सूनबाई बाहेर आली. दुपारी ताईनं तिला बाजूला घेऊन आपला बेत सांगितला, तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली. ताईला आश्चर्य वाटलं, कारण तिनं भांडणाची पूर्ण तयारी केली होती. त्या "हं" मुळे सूनबाईला दिवसभर आईच्या नजरेला नजर देता येईना. अंगणात जायची वेळ आली की ती हातात काहीतरी घेऊन जायची.

उन्हं कलल्यावर पानं मांडली. पंखा बाहेर ओढून आणला. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई दरवर्षीप्रमाणे बर्फ घेऊन आल्या आणि दरवर्षीप्रमाणे पहिल्या बसल्या. बाबांनी पातेली आणून ठेवली. गार बटाटे दही, पुदिना आणि हिरव्या मिरचीत घोळवले होते. चण्यांवर कांदा आणि लिंबू होतं. पिकलेल्या टोमॅटोच्या फोडी तेल, मीठ आणि ठेचलेल्या लसणात मुरायला ठेवल्या होत्या आणि त्यांचा खाली उतरलेला रस भाजलेल्या पावावर ओतायचा होता. काकड्या इतक्या पातळ कापल्या होत्या की बाईंनी एक उचलून तिच्यातून पंख्याकडे बघितलं.

"मास्टरांचा हात," स्टोअरकाका म्हणाले.

सगळं चांगलं झालं होतं. आईच्या पहिल्याच घासाला ते कळलं. बटाट्यांत मीठ ती घालते त्यापेक्षा थोडं जास्त होतं आणि ते तसंच बरोबर होतं. हे इतकी वर्षं आपल्याला का सुचलं नाही, असं तिच्या मनात आलं. मग तिनं दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. बाबा तिच्याकडे बघत नसल्यासारखं दाखवत होते. वाढून घेतलेलं त्यांनी बघितलं आणि पाव कापायला ते उगाचच आत गेले.

ताईनं घसा साफ केला. पण तिच्या आधी स्टोअरकाकांनी हात पुसले आणि ते उठून उभे राहिले.

"मास्टर, माझ्याकडून झालं. भांडार लावलं. आता चार्ज कुणाकडे देऊ?"

"कसला चार्ज?" भाऊनं विचारलं.

"भांडाराचा. काय आहे, काय संपत आलंय, उद्या काय लागणार, हे एकाला माहीत पाहिजे. मी काय रोज येणार नाही." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा पडला, कारण रोज यायला त्यांना आवडलं असतं.

"बाबांकडे द्या," सूनबाई घाईनं म्हणाली.

स्टोअरकाका आणि बाबा दोघांनी एकदमच माना हलवल्या.

"शिजवणाऱ्याकडे भांडार देत नाहीत," स्टोअरकाका म्हणाले. "कुठल्याच कँटीनमध्ये नाही. मास्टर, तुमच्यावर संशय नाही."

"मला माहीत आहे."

"पण नियम."

"नियम बरोबर आहे," बाबा म्हणाले. या नियमामुळे आपण अनेक वर्षं कुठल्याही आळाशिवाय नोकरी केली, आणि आता घरातल्या घरात तो मोडावा असं त्यांना वाटेना.

"काका, हे घर आहे," ताई म्हणाली. "इथे बाबा तेल चोरून कुठे नेणार आहेत?"

"चोरीचा प्रश्न नाही. शिजवणारा माणूस पातेल्यात बघतो. उद्याचं बघणारा दुसरा लागतो. दोन्ही एकाला सांगितलं तर एक तरी करपतं."

शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या की हे त्यांना पटलं. ताईनं सूनबाईकडे बघितलं, भाऊनंही बघितलं, आणि बाईंनीही, कारण बाकीचे बघत होते. सूनबाईनं पानातल्या काकडीचे दोन तुकडे केले. ताईला आयतीच संधी मिळाली.

"आई आहे की," ती म्हणाली. "आई, तुला शिजवायला कुणी सांगत नाही. चिरायलाही नाही. तू फक्त भांडार बघ. खुर्चीत बसून सांगायचं, बस."

भाऊनं मान डोलावली.

"वहिनींना सवय आहेच," स्टोअरकाका म्हणाले. "फक्त डब्यांच्या बाबतीत..."

"मग हे चांगलंच झालं," बाबा म्हणाले. त्यांना खरोखर वाटलं की प्रश्न सुटला. आईकडे त्यांनी आनंदानं बघितलं.

आईनं हातातला पाव खाली ठेवला.

"शिजवायचा मला कधीच त्रास नव्हता," ती म्हणाली. "हात चालतात आपोआप. तुम्हाला वाटतंय मी ते सोडलं. मी हे सोडलंय, जे तुम्ही आता मला देताय. रात्री पडल्यावर माझ्या डोक्यात उद्याची भाजी असते. दूध पुरेल का, लिंबू आहे का, भाऊला हे चालत नाही, बाबांना ते नको. माझी आई गेली त्या दिवशी रडता रडता मला आठवलं की चणे भिजत घालायचे राहिले. मला त्याची अजून लाज वाटते. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी चणे आले का? तुम्ही नुसतं विचारता, कुठे आहे, काय आहे, उद्या काय करायचं. मला कुणी विचारू नका. मला तेवढंच हवंय."

ती रडली नाही. एवढं सलग बोलल्यानं तिला तहान लागली होती, पण पाणी मागण्याची ती वेळ नव्हती.

बाबा बसल्या जागी अवघडले. सासूबाई गेल्या तो दिवस त्यांना आठवत होता. चणेही आठवत होते. चण्यांना आज मीठ कमी पडलं असं ते दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले होते. ते आता बोलावं की नाही हे त्यांना ठरवता येईना आणि त्यांनी ते तसंच गिळलं.

"पण मग तू दिवसभर करणार काय?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

"आज केलं ना मी. जमलं की."

ताई पुढे काही बोलणार होती, तेवढ्यात सूनबाई बोलली. ती पानाकडे बघूनच बोलत होती.

"आई, दुपारी मीही तुमच्याविरुद्ध गेले होते. मला भीती वाटली, हे माझ्या गळ्यात पडेल म्हणून. अजून वाटतेय." मग तिनं मान वर केली. "भांडार मी घेणार नाही. पण ते आईंनाही द्यायचं नाही. या घरात अजून एक माणूस आहे."

सगळ्यांनी तो माणूस कोण याचा विचार केला. भाऊनंही केला. थोड्या वेळानं त्याला उत्तर मिळालं आणि त्याचा हात हवेतच थांबला.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"लोकांच्या कवळ्या लक्षात ठेवतोस ना?" ताई म्हणाली. ती नेमकी कधी या बाजूला आली हे तिलाही सांगता आलं नसतं. "कुणाचा सुळा कुठला, कुणाची दाढ कुठली. मग मीठ कुठे आहे ते लक्षात ठेव."

"ते कामाचं आहे."

"हेही कामाचंच आहे," स्टोअरकाका दुखावून म्हणाले.

भाऊनं आईकडे बघितलं. एरवी अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर त्याला सुटका दिसायची. ती म्हणायची, राहू दे, त्याला नका त्रास देऊ. आज ती कलिंगडाच्या बिया काढत होती. त्यानं बराच वेळ वाट बघितली.

"बरं," तो म्हणाला.

स्टोअरकाका त्याला लगेच आत घेऊन गेले. जेवण अर्धवट आहे वगैरे त्यांनी ऐकलं नाही. आतून त्यांचा आवाज येत राहिला, हे खाली, हे वर, हे उघडलेलं आधी संपवायचं, आणि मध्ये मध्ये भाऊचं "हो" यायचं, प्रत्येक वेळी थोडं आणखी बारीक. बाहेर ताईनं कलिंगड वाटलं. सूनबाई आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तिच्या हातात या वेळी काही नव्हतं.

अंधार पडायच्या आधी सगळे पांगले. ताई जाताना आईला म्हणाली, "उद्या फोन करते," आणि फाटकापाशी थांबून, "काही विचारायला नाही. असाच." बाई रिकामं बर्फाचं भांडं घेऊन वर गेल्या. स्टोअरकाका सगळ्यात शेवटी निघाले आणि दोनदा परत वळले.

आई पाणी प्यायला आत गेली. दिवसभरात ती पहिल्यांदाच स्वयंपाकघरात पाऊल टाकत होती. बाबा ओटा पुसत होते, भाऊ कपाटांसमोर उभा राहून ओठ हलवत काहीतरी पाठ करत होता. आईनं न बघता दाराशेजारच्या फळीकडे हात नेला. तिचा ग्लास तिथे असायचा. हाताला तांदळाचा डबा लागला.

तिनं वर बघितलं. मग खाली, मग समोर. डबे नीट ओळीत होते, झाकणं बसलेली होती, सगळं स्वच्छ होतं, आणि तिला त्यातलं काहीही ओळखू येईना. ती दारातच उभी राहिली. परक्याच्या घरी माणूस उभा राहतो तशी.

"माझा ग्लास कुठे आहे?" तिनं विचारलं.

बाबांनी फडकं थांबवलं. "भाऊकडे चार्ज आहे."

भाऊनं एक कपाट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. तिथे पिठं होती. तिसऱ्यात पानाच्या आकाराच्या ताटल्या होत्या, ज्या घरात आहेत हे त्याला आजवर माहीत नव्हतं. मग सवयीप्रमाणे तो आणि बाबा दोघंही एकदम आईकडे वळले आणि भाऊनं विचारलं, "कुठे असेल?"

"माहीत नाही," आई म्हणाली.

सकाळपासून ती हेच म्हणत होती. आता ते खरं होतं. ते खरं आहे हे तिला कळलं तेव्हा तिच्या छातीत एकदम रिकामं झालं, आणि हे बरं वाटतंय की वाईट, ते तिला ठरवता येईना. ती स्टुलावर बसली. दोघांना शोधू दिलं.

ग्लास खालच्या खणात सापडला, पण तो तिचा नव्हता. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासांपैकी होता. भाऊनं तो धुतला, माठातलं पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी धरून तिला आणून दिला. पाणी गार होतं. ती अर्धा ग्लास एका दमात प्यायली. भाऊ परत कपाटांकडे गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या काय करायचं?"

आईचं तोंड उघडलंसुद्धा होतं. थोडे बटाटे उरलेत, दही आजच लावायला हवं, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. मग तिनं बघितलं की भाऊचं तोंड बाबांकडे आहे.

"चणे भिजत घालू," बाबा म्हणाले. "काढून दे."

आई उरलेलं पाणी प्यायली आणि ग्लास कुठे ठेवायचा ते कुणीतरी सांगेल म्हणून तो हातात धरून बसून राहिली.